रातांब्याचा भाव

एप्रिल सरता सरता मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून हापूसच्या पेटीचा दर रोजच्या रोज छापून येतो. पेटी महाग झाली तर मध्यमवर्गाच्या उसाशांची आणि स्वस्त झाली तर बागायतदारांच्या गाऱ्हाण्यांची दखल घेतली जाते. आणि फळमाशी, फुलकिडे, परदेशांतील निर्बंध, शेजारच्या राज्यातून येऊन हापूस म्हणून खपणारा आंबा, अशा विषयांवर तज्ज्ञ मंडळी सविस्तर लिहितात. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. हापूस राजा आहे, आणि राजाच्या पडशाचीही बातमी व्हायचीच. परंतु त्याच दिवसांत, त्याच कोकणात, बहुधा त्याच बागेच्या बांधावर किंवा घरामागच्या परसात दुसरे एक फळ पिकून लालबुंद होते, वळवाच्या पहिल्या सरीबरोबर झाडाखाली त्याचा खच पडतो, निम्मे तेथेच कुजून जाते, आणि त्याचा दर काय होता हे कोणत्याही वृत्तपत्राला विचारावेसे वाटत नाही. हे फळ म्हणजे रातांबा. गोव्यात भिरंड, वाळल्यावर घाटावरच्या वाण्याकडे आमसूल, आणि शहरातल्या सरबताच्या बाटलीवर कोकम.

अलीकडे या फळाला प्रतिष्ठा येऊ लागली आहे. पण ती आली आहे औषधाच्या दाराने. वजन घटविणारे, चरबी जाळणारे, पित्त शमविणारे, हृदय राखणारे, किंबहुना कर्करोगालाही अटकाव करणारे फळ म्हणून त्याची वाखाणणी चालू आहे. माझे म्हणणे असे की, रातांब्याला औषधीच्या चौरंगावर बसविण्याची ही घाई ना त्या झाडाच्या हिताची आहे, ना ते राखणाऱ्या कोकणी माणसाच्या. रातांबा हे मुळात अन्न आहे, आणि अन्न म्हणून त्याला रास्त दाम मिळाला तरच ते झाड टिकेल.

वनस्पतिशास्त्रज्ञ या वृक्षाला गार्सिनिया इंडिका म्हणतात. त्याचे घर पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याची किनारपट्टी. कोकण, गोवा, उत्तर कन्नड आणि त्याखाली कोडगू-वायनाडपर्यंत त्याचा वावर. आंब्याफणसाइतका तो विस्तारत नाही. सरळ चढतो, फांद्या खाली झुकतात, शेंडा निमुळता राहतो, आणि दाट काळपट हिरवी पाने बारा महिने अंगावर असल्यामुळे भर वैशाखात, आसपासचे जंगल उघडेबोडके झालेले असताना, त्याच्या तळी थंडगार सावली असते. कोवळी पालवी तांबूस फुटते. पाणी द्यावे लागत नाही, खत कोणी घालीत नाही, आणि एकदा रुजला की दोन पिढ्यांना पुरतो. या निरपेक्षतेचीच त्याला शिक्षा झाली असावी. कारण ज्यावर खर्च करावा लागत नाही त्याचा हिशेब ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही.

फळाचा खरा व्यवहार सुरू होतो तो ते झाडावरून उतरल्यानंतर. रातांबा हातांनी किंवा विळीवर फोडून त्याचे दोन भाग करायचे. आतला पांढरा, आंबटगोड गर बियांसकट एका भांड्यात काढून त्यात मीठ घालायचे. आणि रिकाम्या साली चटईवर उन्हात पसरायच्या. मिठाने गराला रस सुटतो. मग अर्धवट वाळलेल्या साली त्या रसात बुडवायच्या, निथळायच्या, पुन्हा उन्हात घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायच्या, आणि अशी पाच-सहा पुटे चढली की साल काळपट, मऊ, चिवट होते आणि तिचे सोल बनते. आठ-दहा दिवसांची ही मशागत बहुतेक ठिकाणी घरच्या बायकांच्याच वाट्याला येते. त्यांच्या बोटांना आठवडाभर न सुटणारा काळसर रंग बसतो, आणि पेरांवर बारीकशी चीर असली तर आंबटाबरोबर मीठ असे झोंबते की रात्री भाकरी थापताना हात आखडतो. एकच पूट दिलेले फिकट, कागदासारखे सोल आणि सहा पुटांचे ओलसर, जांभळट सोल यांत किती मजुरीचा फरक आहे हे शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीत नसते; त्यामुळे व्यापाऱ्याला दोन्हींचा भाव जवळजवळ एकच ठेवणे सोयीचे जाते, आणि मग चांगले सोल करण्याची उमेद करणारणीला राहत नाही.

साखरेने केलेले ते अमृत कोकम: रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे, बरणी उन्हात ठेवायची, आणि आठवड्याभराने सुटलेला पाक गाळून घ्यायचा. मिठाचे ते आगळ: गराचा आणि सालीचा रस भरपूर मीठ घालून बाटलीत राखायचा, म्हणजे वर्षभर टिकतो. आगळ करायला उन्हाची फारशी गरज नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

या तीन रूपांनी रातांबा स्वयंपाकघरात शिरला तो कायमचा मुक्कामाला. नारळाच्या दुधात आगळ, ठेचलेली मिरची आणि लसूण पडले की सोलकढी. नारळ वगळून हिंगजिऱ्यावर केले की मालवणकडचे तिवळ किंवा गोव्याची फुटी कढी. बांगड्याच्या आमटीत तिरफळांबरोबर सोल पडले नाही तर मालवणी माणूस ताटावर बसतो, पण जेवला असे म्हणत नाही. घाटावर, जेथे समुद्र पाहिलेली माणसेही थोडी, तेथल्या ब्राह्मणी घरांतून तुरीच्या आमटीत आमसूल आणि गूळ यांची जोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. उपवासाच्या दाण्याच्या आमटीला आमसूल चालते, आणि श्राद्धाच्या पानावर आमसुलाची चटणी तर लागतेच. गुजराती घरांतल्या गोडसर डाळीतही तेच कोकम. म्हणजे सणाला, उपवासाला, पितरांना आणि मासळीला असे एकाच वेळी चालणारे हे आंबट आहे. इतक्या परस्परविरोधी पंक्तींत सन्मानाने बसणारा दुसरा पदार्थ मराठी स्वयंपाकात मला तरी आठवत नाही. (हॉटेलांतून मिळणाऱ्या गुलाबी-किरमिजी सोलकढीत बीट घालतात म्हणून ती मी या हिशेबात धरीत नाही.)

त्याच्या औषधी लौकिकालाही बैठक आहे, हे नाकारण्याचा माझा उद्देश नाही. चरकसंहितेत हृद्य म्हणून जी दहा द्रव्ये एकत्र सांगितली आहेत त्यांत आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या पंक्तीत वृक्षाम्ल येते, आणि वैद्यपरंपरा सामान्यतः वृक्षाम्ल म्हणजे कोकम असे मानीत आली आहे. ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी की, तीतील बहुतेक द्रव्ये आंबट फळे आहेत. रुची आणणारी, मनाला प्रसन्न करणारी, जेवणात नित्य येणारी. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने या भूमीतील औषधींची चर्चा करताना भिरंडीचाही उल्लेख केला आहे. पण त्यालाही सांगावेसे वाटले ते तिच्या आंबटपणाविषयी, रंगाऱ्यांना होणाऱ्या तिच्या उपयोगाविषयी आणि तिच्या सालीपासून होणाऱ्या सिरक्याविषयी. वैद्य असूनही त्याने फळाला फळाच्याच जागी ठेवले, ही त्याची समज आजच्या जाहिरातदारांना येती तर बरे झाले असते.

घरगुती उपचारांची गोष्ट वेगळी. अंगावर पित्त उठले, गांधी आल्या, की कोकणातली आजी आमसुले पाण्यात कुस्करून ते पाणी अंगाला चोळते आणि थोडे प्यायलाही देते. उन्हातून आलेल्या माणसाला मीठसाखर घालून कोकमाचे पाणी दिले की त्याच्या जिवात जीव येतो; घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ परत मिळते, आंबटाने तोंडाला पाणी सुटते, यात चमत्कार काही नाही आणि म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. बियांपासून काढलेले घट्ट तेल, ज्याला आपल्याकडे मुठेल आणि गोव्यात भिरंडेल म्हणतात, ते थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावतात. कातडीवर स्निग्ध थर धरून आतला ओलावा राखणे हा त्याचा गुण कोणालाही आठ दिवसांत स्वतःच्या टाचेवर पडताळून पाहता येतो. या उपचारांत कोणी कोणाला फसवीत नाही, त्यांना पैसा पडत नाही, आणि गांधी ओसरल्या नाहीत किंवा श्वास लागू लागला तर डॉक्टरकडे जाण्याची वाट मोकळी असते.

फसवणूक सुरू होते ती गोळीपाशी, आणि तो इतिहास सांगण्याजोगा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन या संशोधकांनी १९६५ साली केरळी मीनकढीत पडणाऱ्या कुडंपुळीच्या, म्हणजे आपल्या रातांब्याच्या चुलतभावाच्या, सालीतील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे दाखवून दिले; हेच आम्ल रातांब्याच्या सालीतही आहे. पुढे चार वर्षांनी अमेरिकेत असे आढळले की, शरीरात साखरेपासून चरबी घडविणाऱ्या साखळीतील एका विकराला हे आम्ल अडवून धरते. परीक्षानळीतले हे निरीक्षण अचूक होते. त्यावरून व्यापाऱ्यांनी जो निष्कर्ष काढला तो मात्र त्यांचा स्वतःचा होता: गोळी घ्या आणि बारीक व्हा. १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात एका चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल व्यक्ती, १२ आठवडे, निम्म्यांना या आम्लाचा अर्क आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी, तीही कोणाला काय मिळाले हे न कळू देता. अर्क घेणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक घटल्याचे दिसले नाही. पुढे अशा अर्कांच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचेही डॉक्टरांनी नोंदविले. तरीही त्या गोळ्यांच्या जाहिराती थांबलेल्या नाहीत, आणि आता त्यांच्या मागोमाग कोकमाच्या नावाचीही तीच द्वाही फिरू लागली आहे. रातांब्यातील गार्सिनॉल या द्रव्याचा पेशींवर काचपात्रात दिसलेला परिणाम दाखवून कर्करोगाचे नाव घेणारे तर याहून पुढे गेलेले आहेत. काचपात्रातल्या पेशी मरणे आणि रोगी माणूस बरा होणे यांत जे अंतर आहे ते ओलांडण्यासाठी माणसांवरील चाचण्या लागतात. जाहिरातीने ते अंतर तसूभरही कमी होत नाही. आमटीत पडणाऱ्या दोन सोलांनी कोणाच्या यकृताला धक्का लागल्याचे ऐकिवात नाही. पण दोन सोलांचा अनुभव मूठभर अर्काला लागू करता येत नाही.

हे सर्व विस्ताराने सांगण्याचे कारण आरोग्यापुरतेच नाही. औषधाचा गाजावाजा वाढला की फळाचा भाव वाढतो, अशी कोकणात अनेकांची समजूत आहे, आणि ती फोल आहे. अर्काच्या कारखानदाराला स्वस्त, वाळका, एकजिनसी माल हवा असतो. सहा पुटांची त्याला गरज नाही. आणि एखाद्या दिवशी ही लाट ओसरली, किंवा एखाद्या देशाने त्या गोळीवर बंदी घातली, की जिच्या खळ्यात साली पसरलेल्या असतात तिचा माल जागच्या जागी पडून राहतो.

बियांची कथा याहून बोलकी आहे. रातांब्याच्या बीत सुमारे पाव हिस्सा स्नेह असतो. तो नेहमीच्या हवेत घट्ट राहतो आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळतो. या गुणामुळे कोको बटरच्या जोडीला चॉकोलेटात घालण्यास तो उत्तम ठरतो. युरोपीय संघाने २००० साली चॉकोलेटविषयी जो निर्देश काढला त्यात कोकोखेरीज अवघ्या सहा वनस्पतिजन्य स्नेहांना, तेही एकूण पाच टक्क्यांच्या मर्यादेत, मुभा दिली. त्या सहांत आपले कोकम आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातही त्याला मागणी आहे. आणि इकडे कित्येक परसांतून बिया गराबरोबर उकिरड्यावर जातात, किंवा फेरीवाला देईल त्या किमतीला त्याच्या पोत्यात ओतल्या जातात. कारण बी वाळवून, कुटून, उकळून, वर तरंगलेला स्नेह काढून मुठेलाचे गोळे वळण्याइतका वेळ आगोटीच्या धांदलीत कोणाजवळ नसतो, आणि गावात घाणाही नसतो.

मग हे झाड मागे का पडले? पहिले कारण निसर्गाचे. रातांब्यात नर आणि मादी झाडे निराळी असतात, आणि बी रुजवून वाढविलेले झाड कोणते आहे हे सहा-सात वर्षांनी फुलोरा आल्यावरच उमगते. त्यांत निम्मी नर निघतात. इतकी वर्षे राखून शेवटी न फळणारे झाड हाती आले की शेतकरी त्याची तोडून लाकडे करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. या अडचणीवर उपाय मात्र सापडलेला आहे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने खात्रीच्या मादी झाडांपासून कलमे बांधण्याची रीत बसविली, १९९७ साली ‘कोकण अमृता’ आणि २००६ साली ‘कोकण हातीस’ हे वाण प्रसारित केले, आणि त्यांतील अमृता पावसाआधी फळे देऊन मोकळे होणारे आहे. दुसरे कारण पावसाचे. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते, उशिराचे जूनपर्यंत रेंगाळते, आणि मेअखेरचा वळीव दोन दिवस कोसळला तर झाडावरचे फळ कुजते, चटईवरच्या अर्धवट सोलांना बुरशी धरते, आणि सारा हंगाम हातचा जातो.

तिसरे कारण दफ्तराचे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. सरकारदरबारी पीक म्हणजे हेक्टरात मोजता येईल ते. बांधावर दोन, परसात एक, वहाळाच्या काठाने चार, असे विखुरलेले झाड पीकपाहणीत बहुधा नावापुरतेच येते, आणि ज्याची रीतसर नोंद नाही त्याच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही, त्यावर तगाई मिळत नाही, त्याच्या खरेदीची तजवीज कोणी करीत नाही. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशन मिळाले. त्याचा समारंभ झाला असेल, झाला असल्यास चांगलेच. पण निर्देशनाचा दस्तऐवज कपाटात आणि रातांबे झाडाखाली, ही स्थिती त्याने बदलत नाही.

करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. कृषी खात्याने तलाठ्याच्या मदतीने एका हंगामात प्रत्येक गावच्या फळत्या रातांब्यांची मोजदाद करावी, आणि झाडनिहाय नोंद विम्यासाठी व पंचनाम्यासाठी ग्राह्य धरावी. बचतगटांना सौर वाळवणयंत्रे आणि बियांचा एक घाणा पाच-सात गावांत मिळून द्यावा. नवी लागवड कलमांचीच व्हावी, परागासाठी थोडी नरझाडे राखून. पाऊस लवकर लागला तर उरलेले फळ सोलांसाठी न अडवता त्याच दिवशी आगळाकडे वळवावे, कारण त्याला ऊन लागत नाही. त्यासाठी गावात बाटल्या आणि मीठ आगाऊ असले म्हणजे पुरे. शिवाय सोलांची प्रतवारी पुटांवरून ठरवून तीप्रमाणे भाव देण्याचा शिरस्ता सहकारी खरेदी-विक्री संघांनी पाडावा, म्हणजे मेहनतीला किंमत येईल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

उरला ग्राहक. खरा रातांब्याचा रंग उजेडाने आणि काळाने उतरतो, तपकिरीकडे झुकतो. वर्षभर दुकानाच्या काचेत उभी राहूनही पहिल्या दिवसासारखी लालभडक राहणारी सरबताची बाटली संशयास पात्र आहे. घरी आणलेल्या सरबताच्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावा: फळाचा नैसर्गिक रंग असेल तर लाली जाऊन तो निळसर-काळपट होतो, कृत्रिम रंग बहुधा जसाच्या तसा राहतो. ही परीक्षा अंतिम नव्हे, पण डोळे उघडण्यास पुरेशी आहे. याहून सोपी परीक्षा बाटलीच्या पाठीवर छापलेलीच असते. या मोसमात आगळ घ्याल तेव्हा घटकांची ती यादी वाचा. तीत रातांब्याचा रस आणि मीठ यांखेरीज तिसरे नाव असेल तर बाटली परत ठेवा, आणि दोनच नावे असतील तर दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.